पाच काटे तुम्ही ठरवलेत, सहावा सोडलात, त्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार. माझं जुनं ओमेगा स्पीडमास्टर १०५.००३ घड्याळ दुरुस्तीसाठी तुमच्या टेबलावर आलं, त्याआधी त्याच्या काट्यांवर बरेच जण बोलून गेले होते. एकाने फोटो पाहूनच “शंभर टक्के ओरिजिनल” म्हटलं. दुसऱ्याने काट्यांवरचा अंधारात चमकणारा लेप डायलच्या ठिपक्यांपेक्षा फिका दिसतो म्हणून सगळे काटे बदललेले ठरवले. भिंग मात्र कुणीच डोळ्याला लावलं नाही.

तुम्ही रंगावर भरवसा ठेवला नाहीत. डायलवर लेपाचा जाड थर असतो, काट्याच्या फटीत मात्र पातळ पापुद्रा, त्यामुळे दोन्ही सारखे पिकत नाहीत. ओल लागली तर काट्यावरचा लेप आधी काळवंडतो. म्हणून तुम्ही खोलीत अंधार करून यूव्ही टॉर्च मारलीत. त्या काळच्या लेपाला चमक देणारं किरणोत्सारी ट्रिशियम दर सुमारे १२.३ वर्षांनी निम्मं होतं, म्हणून १९६५च्या आसपासचा लेप आता आपणहून चमकत नाही. टॉर्चखाली तो क्षणभर उजळतो आणि टॉर्च बंद झाली की लगेच मावळतो. तास आणि मिनिटाचे काटे तसेच मावळले, डायलचे ठिपकेही. मधला क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉचचा, सेकंद काटा मात्र कितीतरी वेळ हिरवागार चमकत राहिला. असा लेप स्विस घड्याळांत आला तोच मुळी १९९०च्या दशकात. तळाशी “टी स्विस मेड टी” (टी म्हणजे ट्रिशियम) छापलेल्या डायलवर तो शोभणार कसा?

शेपटीनेही तेच सांगितलं. त्या काळच्या सेकंद काट्याची शेपटी थेंबासारखी फुगीर, या काट्याची सरळ पट्टी. हाच काटा सगळ्यात जास्त बदलला जातो, त्याचं कारणही तुम्ही दाखवलंत. रीसेटचं बटण दाबलं की हातोडी हृदयाच्या आकाराच्या चकतीवर (कॅमवर) आदळते आणि काटा झटक्यात शून्यावर येतो. वर्षानुवर्षं असे झटके खाऊन काट्याची नळी सैल होते, काटा बाराच्या रेषेवर थांबेनासा होतो. मग कुणी नळी ठोकून आवळतं, कुणी नवा काटा बसवतं. लांबीही बघायची: टोक सेकंदाच्या बारीक रेघांपर्यंत पोचलं पाहिजे. आखूड पडलं तर काटा दुसऱ्याच घड्याळाचा.

छोट्या डायलच्या तीन काट्यांवर लेप नसतो, तिथे टॉर्चचा उपयोग नाही. तीनच्या आणि नऊच्या जागेचे दोन्ही काटे भिंगाखाली जुळले: पांढऱ्या रंगाला तीच पिवळसर झाक, कडेला तशीच झीज, टोकांची ठेवणही एक. सहाच्या जागेचा, तासांच्या मोजणीचा काटा मात्र जास्त कोरा दिसत होता. पुन्हा रंगवलेला जुना काटा असेल, किंवा सर्व्हिसमध्ये बसवलेला नवा. उलटा करून पाहिला असता तर बहुतेक कळलं असतं.

तुम्ही तो काढला नाहीत. त्याखालची दांडी केसासारखी बारीक असते, वाकडी ओढ बसली की तुटते, आणि तो भाग मिळवणं म्हणजे दिव्य. “एवढं बघायला काढायचा नाही,” म्हणालात आणि चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलंत: “तासांच्या मोजणीचा काटा: ठरवता आला नाही.” पाच निकाल अचूक दिल्यावर सहावाही ठोकून दिला असतात तरी कुणी शंका घेतली नसती. मला सर्वांत मोलाची वाटते ती ही एक ओळ. “शंभर टक्के” सांगणाऱ्यांचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. तुमचं नाव पणाला होतं, तरी तुम्ही माहिती संपली तिथेच थांबलात. असं थांबणारी माणसं प्रत्येक धंद्यात असतात, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास टिकतो तो त्यांच्यामुळेच.

सरळ शेपटीचा काटा तुम्ही फेकला नाहीत, त्याबद्दलही आभार. थेंबाचा खरा काटा मिळेपर्यंत तोच चालेल. चिठ्ठी घड्याळाच्या डबीत ठेवली आहे, पुढे घड्याळ विकलं तर तीही सोबत जाईल. पुढच्या सर्व्हिसला डायल उतरवावीच लागेल, तेव्हा तो सहावा काटा तुमच्याच हातांनी निघावा, एवढी विनंती.

आपला ऋणी