हंस हटवण्याआधी तलावाचे पाणी तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या शहरातील तलावावर कोणीतरी हौसेने आणून सोडलेल्या पाळीव पांढऱ्या हंसांचा कळप वाढत चालला असून, फिरायच्या वाटेवर पडणारी विष्ठा आणि लहान मुलांवर फिसकारत धावून जाण्याची त्यांची खोड यांमुळे ‘हे हंस एकदाचे उचलून न्या’ अशी मागणी होऊ लागली आहे. त्रास खरा आहे, याबद्दल वाद नाही. मात्र हंस गेले की पाणी आपोआप स्वच्छ होईल, हे गृहीत कशाच्या आधारे धरले जाते, असा प्रश्न पडतो. कारण त्या पाण्याचा ताजा तपासणी अहवाल काठावर कोठेही लावलेला नाही.

आपल्याकडील तलाव पोहण्यासाठी राखलेले नसले, तरी पाण्यात उतरणारे पुष्कळ आहेत. वैशाखात खान्देश भाजून निघत असताना मुले तलावांत आणि धरणांच्या फुगवट्यात डुंबतात, लोकदेवी कानबाईच्या विसर्जनाला आयाबाया पाण्यात उतरतात, पोळ्याला बैल धुतले जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार आंघोळीच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कॉलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असणे इष्ट असून २,५०० ही कमाल मर्यादा आहे. हंसांच्या विष्ठेने हा आकडा वाढतो, तसेच तिच्यातील फॉस्फरसमुळे शेवाळ माजते, हे मान्यच करावे लागेल. पण हाच आकडा सांडपाण्याने आणि गुराढोरांच्या शेणानेही वाढतो आणि नेहमीच्या तपासणीत जिवाणू नेमके कोणाचे, हे कळत नाही. त्यातही माणसाच्या मैल्याचा धोका सर्वांत मोठा, कारण माणसाला होणाऱ्या रोगांचे विषाणू मुख्यतः त्यातूनच येतात. तेव्हा तलावाला मिळणारा एखादा नाला तसाच वाहू देऊन केवळ पक्ष्यांवर खापर फोडणे सोयीचे असले, तरी उपयोगाचे नाही.

उत्तर अमेरिकेत तळ्याकाठच्या स्नानाच्या जागांवर ‘कॅनडा गूज’ या हंसकुळातील पक्ष्याचा मोठा उपद्रव आहे. गंमत अशी, की त्याची सर्वांत मोठी उपजात नामशेष झाली असे मानले जात होते. १९६२ मध्ये ती मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील तळ्यावर पुन्हा आढळली आणि पुढे सरकारी यंत्रणांनीच तिची पैदास करून ठिकठिकाणी हे पक्षी सोडले. कापलेली हिरवळ आणि लोकांनी टाकलेले खाणे मिळाल्यावर त्यांतील अनेकांनी स्थलांतर सोडून तेथेच बस्तान बसवले. पक्षी पकडून नेले, तरी काठ आणि खाणे तसेच राहिल्यास दुसरे येतात, हा तेथील अनुभव आहे. म्हणून खाणे घालण्यास मनाई करणे आणि काठाला उंच गवताचा पट्टा राखणे यांवर तेथे भर दिला जातो. पलीकडचे दिसत नसेल, तर दबा धरलेल्या शत्रूच्या भीतीने हे पक्षी अशा गवतातून जाणे टाळतात. आपण मात्र पुण्य म्हणून पाव आणि शेवेची पाकिटे पाण्यात रिकामी करतो. पक्ष्यांनी न खाल्लेला पाव तळाशी कुजून पाण्यातील प्राणवायू संपवतो, ते वेगळेच.

यासाठी संबंधित यंत्रणेने दर महिन्याला, तसेच कानबाई आणि गणेश विसर्जनाच्या आधी पाणी तपासून त्याचे आकडे तारखेसह काठावरील फलकावर लावावेत. जिवाणूंची वाढ मोजण्यास साधारण एक दिवस लागतो, म्हणजे अहवाल नेहमी कालच्या पाण्याचा असतो. त्यामुळे मोठ्या पावसाने घाण तलावात वाहून आल्यानंतर निदान दोन दिवस पाण्यात उतरू नये, अशी कायमची सूचनाही त्याच फलकावर हवी. खाणे विकणाऱ्या गाड्या काठापासून दूर हलवाव्यात.

हंस हलवायचेच ठरले, तर ते केवळ पाळीव हंसांपुरते असावे. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयासारख्या ठिकाणी हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हे हंसकुळातील वन्य पक्षी असून त्यांना पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे. त्यामुळे हे काम स्थानिक पक्षिमित्रांना सोबत घेऊन आणि हिवाळी पाहुणे परतल्यानंतर, म्हणजे चैत्र सरल्यावर हाती घ्यावे.

आपला,
एक वाचक, जळगाव