सळईचं काम घेतलंय, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर काही सांगायला गेले की बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. नोकरी सोडली. राजीनामा मंजूरही झालाय. नवी मुंबईत, उलव्यात एका इमारतीचं सळई बांधायचं काम स्वतःच्या नावावर घेतलंय. माल बिल्डरचा, माणसं आपली, टनावर दर.

आई, आधी तुझं. खोली तीच आहे, मैत्रीण सोबत आहे. पोळीभाजीचा डबा येतो, भाकरी रविवारी मी करते (जाड होतात, पण होतात). वर्षभराचं भाडं बाजूला काढलंय. कुठलंही घर गहाण नाही आणि तुझ्या पाटल्यांचा तर विषयच नाही.

बाबा, सरकारी परीक्षा सोडून हे काय, असं तुम्हाला वाटणार. पण इथं येऊन बघा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे नवे स्लॅब टाकतायत. एका इमारतीवर गवंडी, सेंटरिंगवाले, फिटर, बिगारी तर असतातच. शिवाय टँकरवाला, खोल्या भाड्यानं देणारे गावातले आगरी मालक, पहाटे गेटवर पोहे विकणारी बाई. सिमेंट गडचांदूरकडचं, टाइल मोरबीची. आणि सळई? परवा ट्रक उतरवताना बिल बघितलं, जालना एमआयडीसी! मुकादमाला सांगितलं, माझ्या बाबांनी अशीच सळई ओढलीय आयुष्यभर. इथं एक मजला चढतो तेव्हा तिकडं भट्टी पेटती राहते. मंठा-परतूरकडची माणसंही तुरी काढून झाल्या की इथल्या नाक्यावर उभी दिसतात. आपलं घर तरी कशावर चाललं?

तुमच्या खाकी शर्टावरची ठिणग्यांची भोकं मी मोजायचे आणि आई रफू करता करता ओरडायची. पाढ्यांच्या आधी तुम्ही मला "व्यासाचा वर्ग भागिले १६२" पाठ करून घेतलं होतंत. मीटरला किती किलो, हे आजही मी त्यावरच काढते. सोळा मिलिमीटरची सळई एक पूर्णांक अठ्ठावन्न. साइटवरची पोरं मोबाइल काढेपर्यंत माझं उत्तर तयार असतं.

करमाडचं मी विसरलेले नाही. ८ मे २०२० ची ती पहाट. आपल्याच गावातल्या स्टील कारखान्यातले मजूर, घरी जायला पायी निघालेले, रुळावर झोपलेले सोळा जण गेले. त्यानंतर तुम्ही जे गप्प झालात ते मला अजून कळतं. "या धंद्यात माणसाचा हिशेब कुणी ठेवत नाही," एवढंच बोलला होतात. म्हणूनच सांगते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून कायदा आहे, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कल्याणकारी मंडळाकडे जातो. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो द्यायची वेळ आली की बहुतेक ठेकेदार टाळतात. आता ठेकेदार मी आहे. माझ्या हजेरी वहीत प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि गाव आहे, नुसतं "बिगारी ४" नाही.

बिलं उशिरा निघतात, काही रक्कम रिटेन्शनमध्ये (बिल्डर हमी म्हणून राखून ठेवतो ती) अडकते, हे खरंय. त्याची तजवीज केलीय. दादाकडे मागणार नाही, तुमच्या पेन्शनकडे तर नाहीच.

यंदा महालक्ष्म्यांना येणं अवघड दिसतंय, स्लॅब त्याच आठवड्यात आहे. आई, रुसू नकोस गं. मुखवटे माळ्यावरून तू उतरवायचे नाहीस, शेजारच्या पोराला बोलव. सोळा भाज्या करायचा हट्टही नको, पाचात भागतं. तीन महिन्यांची साखर तपासून रिपोर्टचा फोटो पाठव, नुसतं "नॉर्मल आहे" चालणार नाही. बाबा, छातीचा एक्स-रे काढायचाच. श्वासाचा पंप खिशात ठेवायचा, कपाटात नाही.

दसऱ्यानंतर दोघं या. वंदे भारत आता नांदेडहून भरून येते, तिकिटं मी आधीच काढीन. ठाण्याला उतरा, न्यायला येते. गुडघ्यांची काळजी नको, आमच्याकडे लिफ्ट आहे.

मोजमापाच्या शीटचे फोटो बाबांच्या फोनवर पाठवलेत. जिन्याच्या सळईचं वजन तेवढं तपासून द्या, चष्मा लावून. बिल सोमवारी टाकायचंय.

तुमची,
छकुली