एक म्हणायच्या आधी शून्य म्हणायला शिकवणाऱ्या लॅबमधल्या काकांना

काका,

काल लॅब बंद करायची वेळ टळून गेली, तरी तुम्ही किल्ल्या खिशात टाकून माझ्या टेबलापाशी थांबलात. आभार मानायचे राहूनच गेले. बोलायला गेले असते तर तिथेच रडले असते.

दोन आठवडे माझ्या लंबकावरून 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत १०.८८ येत होती. टांगलेल्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर, २० आंदोलनांना ३८.१ सेकंद. कितीदाही करा, तेच. एकांना विचारलं तर म्हणाले, "९.८ यायला हवं ना? मग उलटं गणित कर आणि वेळ लिहून टाक." दुसऱ्यांनी जर्नल न उघडताच "कोन मोठा घेतला असशील" म्हणत वाटेला लावलं. शेवटी मी खोडरबर हातात घेतलंच होतं.

ते तुम्ही काढून घेतलंत. "राहू दे. दर वेळी तेच येतंय, म्हणजे आकडा खोटा नाही." काका, त्या एका वाक्यानं पोटातला गोळा सुटला. मग तुमचं पुटपुटणं सुरू झालं: कोन मोठा असता तर आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, वाढला असता, हिचा तर कमी आलाय. लांबीत चूक म्हणावी, तर दोरा दहा सेंटिमीटर तोकडा हवा, आणि तेवढं डोळ्यांनाही दिसतं. "सोड बघू गोळा. मोठ्यानं मोज."

मी गोळा सोडला आणि म्हणाले, "एक."

"अगं, अजून झालंय कुठे एक?"

ग्यानबाची मेख तिथे होती! सोडतानाच एक म्हटलं, की वीस म्हणेपर्यंत आंदोलनं होतात एकोणीसच. पुन्हा सोडला, या वेळी शून्य म्हणून. ४०.१ सेकंद. आवर्तकाल २.००५, 'जी' ९.८२. π चा वर्ग, वर्गमूळ सगळं येत होतं मला. मोजता तेवढं येत नव्हतं.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. 'चुकलं' म्हणायच्या आधी समोरच्यानं काय मांडलंय ते वाकून बघणारी फार थोडी.

उद्या जर्नल तपासायला द्यायचंय. ३८.१ तसंच ठेवलंय, शेजारी तुम्ही पेन्सिलीनं लिहिलेले १९ सुद्धा. खोडरबर मात्र तुमच्याच खिशात राहिलंय.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची