भेटीनंतर तो बिघडतो म्हणे

प्रिय मने,

फोन केला असता तर बोलण्याआधी रडूच आलं असतं म्हणून लिहितेय. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, ते सोड.

संस्थेतला आपला जिराफवाला. नाव लिहीत नाही, तुला कळलंच असेल. त्याच्या आईच्या भेटी बंद करायचं घाटतंय. कारण काय, तर भेट झाली की तो बिघडतो. परवा आई गेली आणि ह्याने बूट काढायलाच नकार दिला, बूट घालूनच झोपला, रात्री अंथरूण ओलं, सकाळी वर्गात एकाला कडकडून चावला. लगेच फाईलमध्ये शेरा, 'भेटीनंतर वर्तन बिघडते, सबब भेटी तूर्त थांबवाव्यात'. बूट का काढत नव्हता ते कोणी विचारलंच नाही गं. मी विचारलं. म्हणाला, आई न्यायला आली आणि मी बूट घालत बसलो तर ती थांबेल का?

सात वर्षांचं पोर. काय उत्तर देणार होते मी?

मला राहून राहून ती काळीपांढरी फिल्म आठवतेय, आपल्याला कोर्समध्ये दाखवली होती ती, जेम्स रॉबर्टसनची, १९५२ ची. दोन वर्षांची मुलगी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये. (तू तेव्हा माझा रुमाल घेतलास तो अजून दिलेला नाहीस.) तेव्हा हॉस्पिटलवाले हेच म्हणायचे ना, आईबाप आले की मुलं रडतात, नाही आले की शहाण्यासारखी राहतात, मग भेटी कमीच बऱ्या. आणि रॉबर्टसन सांगत होता की ती शहाणी होत नाहीत, आधी आकांत करतात, मग खचतात, आणि मग आई समोर आली तरी तिच्याकडे बघत नाहीत, ह्या शेवटच्यालाच लोक 'रुळलं मूल' म्हणतात. ब्रिटनमध्ये १९५९ साली प्लॅट समितीने सांगितलं की मुलांना भेटायला आईबापांना मोकळीक द्या. म्हणजे हॉस्पिटलांना हे इतक्या वर्षांपूर्वी सांगून झालंय आणि आपण अजून तिथेच! भेटी थांबवल्या तर दोन महिन्यांत हा गप्प होईल, आणि सगळे म्हणतील बघा, फरक पडला.

तू आता म्हणशील, त्या दोघी बहिणींचं विसरलीस का. नाही विसरले. केवढं भांडलो होतो आपण, तू डबासुद्धा वेगळा बसून खायला लागली होतीस. पण तिथे मुली भेटीच्या आदल्या दिवसापासूनच जेवायच्या नाहीत, बाप खोलीत आला की भिंतीला चिकटायच्या. ती भीती होती, तिथे भेट थांबवणंच बरोबर होतं. हा आदल्या रात्री शर्ट उशाशी ठेवून झोपतो. आई आली की मांडीत शिरतो आणि मग निघायची वेळ झाली की फुटतो. येण्याआधी घाबरणं आणि गेल्यावर कोसळणं ह्यात फरक आहे हे तूच मला शिकवलंस, आता तेच मीटिंगमध्ये चार लोकांना पटेल असं कसं मांडायचं ते सांग.

आणि आईबद्दलचा रिपोर्ट वाचून तर डोकंच फिरलं. 'आई भेटीदरम्यान मोबाईलमध्ये पाहते, मुलात रस दिसत नाही.' अगं ती स्वतः संस्थेत वाढलीय! समोर कोणीतरी वही घेऊन बसलेलं, मागे दार आपटलं की ही दचकते, दगड होते, आणि हात कुठे ठेवायचे कळत नाही म्हणून मोबाईल धरते. ट्रॉमा इन्फॉर्म्डचं, म्हणजे वागण्यामागचा जुना आघात ओळखून वागायचं, ट्रेनिंग सगळ्यांचं झालंय, पण ते मुलापुरतंच लागू असल्यासारखं वागतात, आई आली की परत चांगली आई आणि वाईट आई. तिचं धड झालं नाही तर हा घरी जाणार कसा?

रात्रपाळीच्या मावशींवर मात्र मला राग नाही धरवत. चावे त्यांना बसतात, चादरी त्या बदलतात, मुलांच्या एकेक गोष्टी ऐकून त्यांना झोप लागत नाही आणि त्यांच्याशी बोलणारं कोणीच नाही. भेटी बंद करा असं पहिल्यांदा त्याच म्हणाल्या, मी असते तर मीही म्हणाले असते.

मी असं मांडणार आहे: भेट ठरल्या दिवशी, त्याच खोलीत, रिपोर्ट लिहिणारं माणूस दरवेळी तेच. पुढची भेट कधी ते त्याला आईनेच सांगायचं, कॅलेंडरवर खूण करून. ती गेल्यावर त्याला लगेच वर्गात ढकलायचं नाही, ओळखीच्या माणसाजवळ बसू द्यायचं, रडू द्यायचं. आणि संध्याकाळी आईलाही कोणीतरी फोन करायचा, कारण ती पण कुठेतरी एकटी बसून कोसळतच असणार. ह्यात खर्च असा काहीच नाही, फक्त माणसं सारखी बदलू नयेत एवढंच, आणि नेमकं तेच होत नाही. केसवर्कर पुन्हा नवीन आलीय, परत त्याला पहिल्यापासून सगळं विचारलं तिने, घरी काय झालं होतं, कोणी मारलं होतं. तो टेबलाखाली जाऊन बसला.

तुझं काय? नवीन ऑफिस जमतंय का, सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना, लेकीला माझे लाड सांग. सविस्तर पुढच्या पत्रात विचारते, खरंच.

मीटिंग गुरुवारी अकराला आहे. बहिणींच्या केसमध्ये तू भेटींच्या आधीच्या आणि नंतरच्या वागण्याची जी नोंद ठेवली होतीस तिचा नमुना, नावं काढून, बुधवारपर्यंत पाठव. आणि माझ्या मुद्द्यांत कुठे भोक दिसलं तर तेही लिही, तिथे कोणीतरी बोट घालणारच आहे.

तुझीच,
शुभा