'तुरळक ठिकाणी' म्हणजे तुरळक पाऊस नव्हे

महोदय,

पावसाळा लागला की 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार पावसाची शक्यता, जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट' ही ओळ रोज छापून येते आणि त्यातले 'तुरळक' वाचून लोक निर्धास्त होतात. हवामान विभागाच्या भाषेत तो शब्द पावसाच्या जोराबद्दल नसतो, ठिकाणांबद्दल असतो. एखाद्या भागातील 25 टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापक केंद्रांवर पाऊस म्हणजे 'तुरळक ठिकाणी', 26 ते 50 म्हणजे 'काही ठिकाणी'. पण जिथे पडेल तिथे झोडपूनच काढेल. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मि.मी. नोंद झाली, तर त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 74.

जोराचे शब्दही मापाचे आहेत. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मि.मी. मुसळधार, 204.4 पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. बातम्यांत मात्र 'धुवाधार' आणि 'अतिवृष्टी' हवे तसे पेरले जातात. यातला 'अतिवृष्टी' तर जपूनच वापरावा. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मि.मी.हून अधिक पाऊस झाला तरच सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते आणि भरपाईचे गणित त्यावर बसते. संध्याकाळच्या एका सरीला अतिवृष्टी म्हटले की शेतकरी तलाठ्याकडे खेटे घालत बसतो.

इशाऱ्याच्या रंगांचे असे थेट माप नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पावसाची शक्यता किती आणि फटका किती बसेल, हे दोन्ही पाहून रंग ठरतो. त्यामुळे 'रेड म्हणजे 204 च्या वर' हे अधूनमधून छापले जाणारे समीकरण अपुरे आहे. उष्णतेच्या लाटेलाही हेच रंग असतात, तिथे मिलिमीटर कुठून आणणार?

वेळेचा घोळ वेगळाच. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. 5 तारखेचा इशारा 6 तारखेच्या साडेआठपर्यंत लागू असतो, म्हणून रात्री दहालाच 'अलर्ट फसला' म्हणणे घाईचे. शिवाय सकाळच्या अंकातला अंदाज आदल्या दिवशीचा असतो. मेघगर्जनेसाठी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि विजेसाठी 'दामिनी' ॲप पाहणेच बरे.

आपण रोजच्या चौकटीत रंगाशेजारी जोर, किती ठिकाणी, कधीपासून कधीपर्यंत आणि अंदाज किती वाजताचा, एवढे छापावे. दोन ओळींची जागा पुरेल.

– हवामानविषयक एक वाचक, पुणे