सूचना : गटाची चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळी-करवत) वापरणाऱ्या सर्व सभासदांसाठी

आपल्या सामायिक चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने तिच्यात नुसते पेट्रोल कधीही घालू नये. एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे ५०:१ हे प्रमाण, वेगळ्या कॅनमध्ये नीट हलवून मगच टाकीत ओतावे. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात उरलेले जुने मिश्रण वापरू नये. गेल्या खेपेस यंत्र परत आले तेव्हा टाकीच्या तळाशी पाणी दिसत होते.

साखळीच्या तेलाची टाकी वेगळी आहे व प्रत्येक वेळी पेट्रोलसोबत तीही भरावी. साखळी फिरत असताना पट्टीचे (जिच्या कडेने साखळी फिरते तिचे) टोक कोरड्या ओंडक्यासमोर, न टेकवता, धरले असता ओंडक्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ती न उमटल्यास काम थांबवावे.

इंधन भरताना इंजिन थंड असावे, आणि भरल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊनच यंत्र सुरू करावे. साखळीचा ब्रेक लावून यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, उजव्या पायाचा पंजा मागच्या मुठीत दाबावा, डाव्या हाताने पुढची मूठ धरावी व मग दोरी ओढावी. एका हाताने यंत्र खाली झटकत दोरी ओढण्याची जी सवय काही अनुभवी मंडळींना आहे, ती येथे चालणार नाही. इंजिनची गती मंद असतानाही साखळी फिरत असेल, तर यंत्र बंद करून अवजारे सांभाळणाऱ्यांकडे परत द्यावे.