‘चौकट सुटी येत नाही, काका’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला मी ३१ वर्षं काढली. बसच्या काचा बसवणारा माणूस लॅपटॉपबद्दल पत्र लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो.

नातीने की-बोर्डवर पेन राहिलेलं असताना लॅपटॉप मिटला आणि स्क्रीनला तडा गेला. कंपनीच्या सेवा केंद्रात साडेअठरा हजार सांगितले, कारण ते नुसता स्क्रीन बदलत नाहीत, बिजागऱ्यांसकट अख्खं झाकण बदलतात. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, फुटक्या स्क्रीनच्या म्हणजे पॅनेलच्या पाठीवरचा नंबर दाखवला, तसंच तीस पिनांचं नवं पॅनेल चार हजार दोनशेला मिळालं.

बॅटरीची वायर आधी सोडवली, स्क्रू कॅलेंडरच्या जुन्या पानावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवले. पॅनेल अर्ध्या तासात बदललं, चित्रही आलं. घाम काढला तो स्क्रीनभोवतीच्या काळ्या चौकटीने. दुकानदार तिला बेझल म्हणतात. रुंदीला करंगळीएवढीही नाही, पण पाठीला एकोणीस क्लिपा! सोडवताना जुनं एटीएम कार्ड सरकवत हळूहळू गेलो, तरी बिजागरीजवळच्या दोन तुटल्याच.

परत बसवताना एक बाजू दाबली की दुसरी उचलायची. खाली डाव्या कोपऱ्यात नखभर फट. शेजाऱ्यांनी लगेच फेविक्विक आणून दिलं. ते मी लावलं नाही, एक तर त्याच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढुरकी झाक येते आणि पुन्हा उघडायची वेळ आली तर चौकटीचे तुकडेच हातात येणार. एसटीची पुढची काच बसवताना आम्ही रबराच्या खाचेत सुतळी घालायचो. बाहेरून एक जण काच दाबून धरायचा, आतून दुसरा सुतळी ओढायचा, की रबराचा ओठ आपसूक पत्र्यावर चढायचा. कुठे अडलं तर थांबून खाच बघायची. बुक्की मारणाऱ्याच्या हातून काच फुटायची आणि सबंध शिफ्ट त्याच्या नावाने बोंबलायची.

म्हणून चौकट पुन्हा काढली. स्क्रीनची वायर तिच्या नालीतून निसटून बिजागरीवर चढली होती. जोर केला असता तर ती चेपून नवं पॅनेलही आंधळं झालं असतं. शिवाय जुन्या डबल टेपच्या गुठळ्या कडेला तशाच होत्या. त्या कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसल्या आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून दोन मिलिमीटरची टेप आणून लावली. मग बिजागरीकडून सुरुवात करून दोन्ही बाजू, शेवटी कॅमेऱ्याची वरची कड. सतरा वेळा ‘टक्’ मोजलं.

आता तक्रार. तुटक्या क्लिपांमुळे नवी चौकट घ्यावी म्हणून त्याच सेवा केंद्रात गेलो. पोरगा नम्र होता, म्हणाला, ‘‘चौकट सुटी येत नाही, काका. झाकणासोबतच येते.’’ स्क्रूवरची दोन रबरी बुचंसुद्धा त्याच्या यादीत नव्हती. एसटीच्या स्टोअरमध्ये खिडकीचं रबर मागितल्यावर कुणी अख्खी खिडकी हातात दिली असती, तर आम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) हे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी देणारं पोर्टल सुरू केलं, हे चांगलंच झालं. पण फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकतानाच तो दुरुस्तीला किती सोपा, याचे दहापैकी गुण गिऱ्हाइकाला दाखवावे लागतात आणि त्यात सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, हेही धरतात. आपल्याकडे असे गुण छापायला लावताना मदरबोर्ड-बॅटरीबरोबर चौकट, तिची टेप आणि बुचंही विचारात घ्यावीत. मोठा भाग सहसा कुठेतरी मिळतो. माणूस अडतो तो शंभर-दोनशेच्या वस्तूपाशी, आणि त्यापायी चालू लॅपटॉप भंगारात जातो.

आमच्या लॅपटॉपला डाव्या कोपऱ्यात अजून केसभर फट आहे. नात म्हणते दिसत नाही. मला दिसते. कुण्या वाचकाच्या माहितीत अशी सुटी चौकट विकणारं दुकान असेल, तर आपल्या पानावरून जरूर कळवावं, रोख पैसे देऊन घेईन.

– एक निवृत्त एसटी कर्मचारी, दापोडी